चौदा माझे, दोन तुझे

मोईन, खरं सांगू? तुझ्या जनाज्यातसुद्धा मला तुझा हेवा वाटला. नवाबपुऱ्यापासून कब्रस्तानापर्यंत रस्ता माणसांनी भरला होता. विणकर माग थांबवून आले, छावणीतले बँडवाले आले, माझ्या शाळेतले मास्तर आले, ज्यांना तू कोण हे धड ठाऊकसुद्धा नव्हतं. खांदा द्यायला लोक एकमेकांना ढकलत होते. मला एकदा मिळाला, दुसऱ्यांदा माझी पाळीच आली नाही. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि मनात काय येतंय, तर आपल्या वेळी एवढी माणसं येतील का? लाज वाटली. पण आलं ते आलं. तुझ्यापासून काय लपवायचं, तुला माझं सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं.

आज नववा दिवस. बाजारात लोक विचारतात, "दिगंबरराव, तुमचा तो बडोद्याचा गवई दोस्त गेला म्हणं?" मी व्हय म्हणतो आणि पुढं चालू लागतो. बडोद्याचा म्हणं! नवाबपुऱ्यातल्या हिमरू विणणाऱ्याचा पोरगा तू, माझ्या बाकावर बसून माझ्या डब्यातल्या दशम्या खाणारा. पण चार वर्षं बाहेर काय काढलीस, गावानं तुला बडोद्याचा करून टाकलं. मी इथंच राहिलो, म्हणून मी गुलमंडीवरच्या पेशकाराचा दिगूच. असू दे.

मला भांडायचंय तुझ्याशी. मागच्या महिन्यात तू अंथरुणावरून म्हणालास, "दिगू, आता तरी कबूल कर." मी म्हणालो, "पड गप्प. ताप उतरला की भांडू." ताप उतरलाच नाही. माझी बाजू मांडायची राहिली, ती आता मांडतो. मधे बोलायचं नाही.

पहिल्यापासून सांगतो, कारण तू दर वेळी मधूनच सुरू करायचास. सरकारी शाळेत आपण दोघंही उर्दूतच शिकलो. मला वडिलांनी घरी बसवून मराठी अक्षरं गिरवायला लावली. तुला मराठी बोलता लई येई, भाजीवालीशी तासभर घासाघीस करता येई, पण वाचायचं म्हटलं की अक्षर न अक्षर म्हैस. छावणीत खाँसाहेबांकडं आपण गाणं शिकायला जात होतो, तिथं कागदाला मज्जाव होता. "काग़ज़ देख के गाना है तो काग़ज़ कोच गाने दो," असं म्हणून त्यांनी माझी पहिली वही चुलीत घातली होती. तरी मी मुंबईहून स्वरलिपीचं पुस्तक मागवलं. त्यापायी तू सा रे ग म प ध नी एवढी अक्षरं आठ दिवसांत माझ्याकडून शिकलास. सातच. त्यापुढं एक नाही. मी तुला सात अक्षरी पंडित म्हणायचो. तू म्हणायचास, "बाकीच्यांत काय ठेवलंय रे? त्यांना सूर तरी आहे का?"

असलं काही तू बोललास की मला आधी हसू यायचं आणि मग जळफळाट व्हायचा. मला का नाही सुचत असं?

मग तो वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, निघाला. बडोद्याला जाऊन चीज बांधायची विद्या शिकायची. गायची नाही, बांधायची. पाच-सहा सूर, सोळा मात्रा आणि चार शब्द घेऊन आजवर नव्हतं ते गाणं उभं करायचं. आपल्याकडं हे कुणी शिकवत नव्हतं. चिजा म्हणजे वाडवडिलांकडून आलेली भांडी, घासायची आणि वापरायची. जागा एकच होती. खाँसाहेब ज्याच्या नावाचं शिफारसपत्र देतील तो जाणार, आणि अट एवढीच की स्वतः बांधलेली एक चीज त्यांच्यापुढं गायची. मोईन, माझ्या आयुष्यात मी दुसरं काही एवढं मागितलं नव्हतं. तुला गळा होता. मला गळा बेताचा, पण चीज बांधायचं वेड माझं होतं. पुस्तक माझं, वही माझी, सतरंजीवर पालथं पडून सोळा घरं आखत बसणं माझं. तुला तर ते पोरखेळ वाटायचं.

दीड महिना मी एक भूप बांधत होतो. संध्याकाळचा राग, पाच सुरांचा, साधा आणि अवघड. सोळा घरं आखून एकेका घरात एकेक सूर लिहिला; शब्द नाहीत, नुसती सरगम. ग रे सा पासून निघायचं, चढत चढत वरच्या सा ला पोचायचं. किती खाडाखोड केली असेन!

परीक्षेच्या आदल्या दिवशी तू आमच्या माडीवर आलास. मी खाली चहा आणायला गेलो. आईनं तुझा तो कप काढून दिला. देवळीत वेगळा ठेवलेला, निळ्या फुलांचा. त्या कपाबद्दल तू कधी बोलला नाहीस आणि मीही नाही. बोलायला हवं होतं, मोईन. आईला नाही, निदान तुला तरी काहीतरी म्हणायला हवं होतं. ते राहिलं.

तर मी कप घेऊन जिना चढत होतो आणि वरून तुझं गुणगुणणं आलं. वरच्या सा वरून अलगद उतरणारं, धैवतावर रेंगाळणारं. सकाळी उठून दार उघडावं आणि ऊन आत यावं तसं. देसकार होता तो. सूर भूपाचेच पाच, पण भूप दिवेलागणीचा आणि देसकार सकाळचा. मी पायरीवरच थांबलो. चहा बशीत सांडला. एवढी सुंदर चीज ह्यानं कुठून आणली? दात असे घट्ट आवळले गेले माझे!

वर आलो तर तू माझ्या वहीपुढं बसून मांडीवर मात्रा मोजत होतास. बोट वहीवर होतं आणि उजवीकडून डावीकडं चाललं होतं.

मला एका क्षणात कळलं. उर्दू वाचणारा माणूस तू. अक्षरं माझी शिकलास, पण ओळ उजवीकडून सुरू करायची खोड तुझी तुझ्याकडंच राहिली. आजवर मी शेजारी बसून बोट धरून वाचून घ्यायचो; त्या दिवशी पहिल्यांदाच तू एकटा वाचत होतास. माझा संध्याकाळचा भूप शेपटाकडून वाचलास आणि त्याची सकाळ केलीस. शेवटच्या दोन घरांत मात्र तू अडखळलास. रे ग वरून परत वरच्या सा वर जायला तुला बरं वाटेना, तेव्हा तू ते दोन टाकून दिलेस आणि सा वरून खाली गेलास, खालचा ध, खालचा प. आणि तिथून एकदम वर उडी. मी कप हातात धरून उभाच.

"दिगू, कसली बांधलीस रे!" तू म्हणालास. "फक्त शेवट जरा हलवला मी. चालंल ना?"

आता ऐक. हे मी तुला कधीच सांगितलं नाही. त्या वेळी मी हसून म्हणायला हवं होतं, अरे गाढवा, उलटं वाचलंस. दोघं मिळून पोट धरून हसलो असतो. पण माझ्या तोंडातून काय निघालं? "ही माझी नाय."

"मग कुणाची?"

"तुझीच असंल. आणि खाँसाहेबांपुढं असलं काही गाऊ नको. हसतील."

बघ, हे असं आहे. मला माहीत होतं ते हसणार नाहीत. म्हणूनच म्हणालो.

तू माझं ऐकलंस, हे तर आणखी वाईट. दुसऱ्या दिवशी छावणीत तू दुसरीच चीज गायलास, कशीतरी जुळवलेली, खाँसाहेब मधेच जांभई देऊन बसले. त्याआधी मी माझा भूप गायलो होतो. ते डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तेरा भूप दुरुस्त है." दुरुस्त म्हणजे बरोबर, चूक नसलेला. मला वाटलं, झालं, मी गेलो बडोद्याला! सामान बांधायला घेतलं मी मनातल्या मनात. तेवढ्यात त्यांनी तुला विचारलं, "और कुछ है?"

तू माझ्याकडं बघितलंस. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एक बकरी भिंतीवरची वेल ओढत होती, ती मला अजून आठवते.

तू गायलास. खाँसाहेबांनी तोंडातलं पान थुंकलं. "फिर से." तू परत गायलास. "फिर से." तिसऱ्यांदा ते स्वतः तुझ्याबरोबर गुणगुणायला लागले. तुझ्या नावाचं शिफारसपत्र त्यांनी तिथंच लिहून दिलं. मला पाठीवर थाप मिळाली. घरी येताना तू पैठण गेटपर्यंत माझा हात सोडला नव्हतास. म्हणत होतास, "दिगू, तू चल ना बरोबर. कसंतरी करू." मी म्हणालो, माझं डोकं दुखतंय.

मनमाडला गाडी बदलून तू गेलास. आणि पत्रं सुरू झाली. मोईन, ती पत्रं म्हणजे मीठ होतं. "आज मास्तरांनी चार शब्द दिले आणि म्हणाले, शनिवारपर्यंत झपतालात बांधून आणा." "आज शिकवलं की चीज समेपासून मागं मागं बांधत यायची असते. यार, मी तर आधीच उलटा माणूस!" तू मजेत लिहायचास आणि मी इथं शाळेत पोरांना बाराखडी शिकवून घरी आल्यावर तेच चार शब्द घेऊन तोच झपताल बांधत बसायचो. तुझा प्रत्येक गृहपाठ मी केलाय. एकसुद्धा तुला पाठवला नाही. तू विद्यालयात बसून शिकलास आणि मी तुझ्या पत्रांवर शिकलो, उष्टं खाऊन. तुला वाटायचं मी उत्तर लिहायचा आळस करतो.

मग चौथ्या की पाचव्या महिन्यात ते पत्र आलं. तिथल्या मास्तरांनी फळ्यावर सूर लिहून तुला वाचायला सांगितलं, तू उजवीकडून सुरू केलंस आणि अख्खा वर्ग हसला. "दिगू," तू लिहिलंस, "आज मला कळलं मी तुझं काय केलं. ती चीज तुझी आहे. सोळांतले चौदा सूर तुझे, दोन माझे. मी इथं सगळ्यांना सांगणार आहे."

मी उलट टपाली लिहिलं, "खबरदार! ती माझी नाय."

का लिहिलं असं? तू वर्षानुवर्षं विचारत राहिलास आणि मी दर वेळी विषय बदलला. आता सांगतो. माझी म्हणावी, तर मी दीड महिना घाम गाळून जे बांधलं ते काही नव्हतं, आणि कुणीतरी चुकून उलटं वाचलं तेव्हा त्यात जीव आला, हे कबूल करावं लागलं असतं. आणि तुझी म्हणावी, तर चौदा सूर माझे होते की रे! कुठूनही धरलं तरी मीच हरत होतो. वर तू असा चांगला, की लबाडी केलीस म्हणून तुला शिव्या घालायची सोय नाही. चोर असतास तर माझं आयुष्य सोपं झालं असतं.

पुढं विद्यालयानं विद्यार्थ्यांच्या चिजांचं पुस्तक छापलं. तू विचारलंस, तुझं नाव घालू का? मी कार्डावर एका ओळीत लिहिलं, माझं नाव घालशील तर दोस्ती तुटली. तू घातलं नाहीस. पुस्तक आलं, पान उघडलं, खाली तुझं एकट्याचं नाव, आणि मी आठ दिवस जेवलो नाही धड. नको म्हणालो होतो ना मी? मग घातलं नाहीस म्हणून राग कसला? पण आला. आई म्हणाली, "अरे, काय धरलंयस मनात, बोल की." काय बोलणार? ते पुस्तक मी ट्रंकेत तळाशी टाकलं. ती चीज मी कधी गायलो नाही, कुणाला शिकवली नाही, कागदावर एकदाही उतरवली नाही. तुझ्या हातची ती माझ्या अक्षरात नको होती मला.

तू परत आलास, तर गावानं डोक्यावर घेतलं. ईदला तुझ्या घरी शिरखुर्मा प्यायला मी यायचो, पण दुपारी. सकाळी कधी आलो नाही. सकाळी तू रियाज करायचास आणि मला भीती होती की तू तेच गात असशील.

तसंच होतं, हे मला काल कळलं.

काल तुझ्या अम्मीनं निरोप धाडला. मी गेलो तर चटईवर बसल्या होत्या, तुझी शेरवानी मांडीवर घेऊन. डोळे कोरडे. म्हणाल्या, "बेटा, वो तेरी चीज़ लिख के दे मेरेकू."

"माझी कुठली, अम्मी?"

"वोच, जो रोज़ सुबह गाता था. दिगू की चीज़. ताप में बी वोच लगा के बैठा था. घर में सब वोच बोलते उसकू."

मोईन, हरामखोरा! मी तुला बडोद्यात सांगू दिलं नाही, छापू दिलं नाही, तर तू घरात नाव लावलंस! एवढी वर्षं तुमच्या गल्लीत सकाळी खिडक्या उघडायच्या त्या माझ्या नावाच्या चिजेवर, आणि मी गुलमंडीवर कुढत बसलो होतो. मी सकाळी एकदा जरी आलो असतो! मला रडू आवरेना. अम्मीच मला थोपटत बसल्या. मुलगा त्यांचा गेलेला आणि समजूत माझी.

अम्मीला उर्दू जोडून जोडून वाचता येतं, म्हणून मी उर्दूत लिहायचं ठरवलं. सोळा घरं आखली. उजवीकडून सुरुवात केली, जशी तू केली होतीस. वरचा सा, ध, प, ग. एकेका घरात एकेक सूर. प, ध, प, ग. खरंच किती चांगली आहे रे! हेवा बाजूला ठेवून पहिल्यांदाच बघितली. शेवटी तुझे ते दोन आले, डाव्या कडेला, खालचा ध आणि खालचा प. त्यांच्याखाली रेघ मारली आणि शाई वाळायची वाट बघत बसलो. मगरिबची अजान झाली. अम्मी आतल्या खोलीत नमाजाला गेल्या. दिवेलागणीची वेळ होती.

आणि माझी नजर कागदावर डावीकडून फिरली. सवय, दुसरं काय. सूर म्हटले की माझे डोळे डावीकडूनच सुरू होतात, अक्षरं कुठलीही असोत. खालचा प, खालचा ध, सा, रे, ग. मी नकळत गुणगुणायला लागलो. भूप होता. माझा भूप, त्या दीड महिन्याचा. फक्त तो आता ग रे सा पासून निघत नव्हता, सगळ्यांचे भूप निघतात तसा. तुझे दोन सूर त्याच्या दाराशी येऊन बसले होते. तो खालून, लांबून, अंधारातून चालत येत होता आणि वरच्या सा ला पोचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पुन्हा गायलो. पुन्हा. खाँसाहेब असते तर त्यांनी पान थुंकलं असतं.

अम्मी दारात उभ्या होत्या. "ये तो वो नहीं है," त्या म्हणाल्या. "ये किसकी है?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला हा प्रश्न अवघड गेला नाही. "मोईन की है, अम्मी," मी म्हणालो. "मोईन की चीज़."

आज दिवसभर तीच तोंडात आहे. दोन पोरी शिकायला येतात, त्यांना संध्याकाळी देणार आहे. नाव विचारलं तर हेच सांगणार. तू इथं असतास तर लगेच बोटं मोजून दाखवली असतीस, चौदा तुझे आहेत, चौदा! मोज. मी ऐकणार नाही.

खाँसाहेब म्हणाले होते, तेरा भूप दुरुस्त है. त्यांच्या उर्दूत दुरुस्त म्हणजे बरोबर. आपल्या मराठीत मोडलेलं नीट करतात त्याला दुरुस्त म्हणतात. तेव्हा तो तसा झाला नव्हता. काल झाला. आणि मेल्या, तोही तूच केलास.